इंग्रजीतील सान्निध्यवाचक शब्द : अर्थ, उपयोग आणि मराठीचे 'जवळ'

इंग्रजीतील 'निअर', 'क्लोज', 'बाय', 'बिसाइड', 'नेक्स्ट टू' आणि प्रसंगी 'अ‍ॅट' या साऱ्या शब्दांना मराठीत 'जवळ' हा एक प्रतिशब्द पुरतो, अशी समजूत शाळेतील भाषांतराच्या सरावातून सहज रूढ होते. उलट दिशेने भाषांतर करणाराही याच समजुतीने चालतो. जवळ, पाशी, शेजारी, लगत, नजीक यांपैकी काहीही समोर आले, की त्याची लेखणी 'निअर' लिहून मोकळी होते. बहुतेक वेळा त्यात फारसे बिघडत नाही. परंतु 'आई वारल्यावर ती आजीजवळ वाढली' हे वाक्य 'निअर' वापरून इंग्रजीत नेले, तर आजीच्या घरापासून काही अंतरावरच्या दुसऱ्या घरात ती मुलगी वाढली, असा अर्थ होतो. एका शब्दाच्या चुकीने आजी केवळ एक पत्ता होऊन बसते. इंग्रजीत येथे 'विथ' हवे. म्हणजे सान्निध्याचा नव्हे, सहवासाचा शब्द हवा. मराठीत मात्र ही दोन्ही कामे 'जवळ' करतो.

अशा चुकांचे मूळ एका गैरसमजात आहे. सान्निध्यवाचक शब्द अंतर मोजतात, कमी अंतराला एक शब्द, त्याहून कमी अंतराला दुसरा, अशी त्यांची उतरंड लावता येते, असे मानले जाते. प्रत्यक्षात अंतर हा या शब्दांच्या अर्थाचा लहानसा भाग आहे. दोन वस्तूंमध्ये कोणते नाते पाहिले जात आहे, हे ते सांगतात. मधली जागा मिटली आहे काय, एक वस्तू दुसरीच्या कुशीला आहे काय, त्या एकाच ओळीतल्या आहेत काय, माणूस त्या वस्तूचा काही उपयोग करीत आहे काय, असे प्रश्न त्यांच्या पोटात दडलेले असतात.

इंग्रजीतील या शब्दांपैकी एक जुने कुटुंब 'नाय', 'निअर' आणि 'नेक्स्ट' यांचे. आज हे तीन स्वतंत्र शब्द वाटतात; मुळात ती एकाच विशेषणाची तीन रूपे होती. प्राचीन इंग्रजीतील 'नेआह्' म्हणजे जवळ. त्याचे तरवाचक रूप 'नेआर', म्हणजे अधिक जवळ. आणि तमवाचक रूपापासून आलेला 'नेक्स्ट', म्हणजे सर्वांत जवळ. जर्मन भाषेत ही मालिका 'ना', 'नेअर', 'नेख्स्ट' अशी अजून शाबूत आहे. इंग्रजीत मात्र ती विस्कटली. 'नाय' हा मूळ शब्द जुन्या काव्यापुरता आणि धर्मग्रंथापुरता उरला. स्कँडिनेव्हियन आक्रमकांच्या भाषेतील 'नेर' या सदृश शब्दाचा आधार मिळून 'निअर' हे तरवाचक रूप साध्या अर्थाने रुळले. मग अधिक जवळ म्हणण्यासाठी पुन्हा 'निअरर' बनवावे लागले, म्हणजे तरवाचकावर आणखी एक तरवाचक प्रत्यय चढला. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये डंकन राजाच्या खुनानंतर त्याचा धाकटा मुलगा जे बोलतो, त्यात 'निअर' हा शब्द अजून जुन्या, 'अधिक जवळचा' या अर्थाने आला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ नवे 'निअरर'ही आले आहे. एकाच वाक्यात शब्दाचे दोन काळ भेटावेत, असा हा प्रकार. टीपा न पाहता तो उतारा वाचणारा येथे हमखास अडखळतो.

संस्कृतच्या अभ्यासकाला हा इतिहास अगदीच परका वाटू नये. 'अन्तिक' या शब्दाला तर-तमवाचक प्रत्यय लागताना त्याच्या जागी 'नेद' येतो आणि 'नेदीयस्', 'नेदिष्ठ' अशी रूपे होतात, हे पाणिनीने नोंदवले आहे. तेथे मूळ रूप आणि त्याची तर-तम रूपे वेगळ्या धातूंतून आली. इंग्रजीत ती एका मुळातून येऊन वेगळी झाली. जवळपणाला पायऱ्या असतात आणि त्या पायऱ्यांचे शब्द एकमेकांपासून लवकर तुटतात, एवढे साम्य दोहोंकडे दिसते.

तरवाचकतेची ही खूण 'निअर'च्या वाक्यरचनेत अजून शिल्लक आहे. शब्दयोगी शब्दाला सहसा तर-तम रूपे नसतात. 'अंडर', 'बिहाइंड' यांना ती नाहीत. 'निअर' मात्र शब्दयोगी असूनही 'निअरर', 'निअरेस्ट' अशी रूपे घेतो आणि त्या रूपांतही आपले कर्म थेट स्वीकारतो. मध्ये 'टू' असले तर चालते, नसले तरी अडत नाही. 'क्लोज'ला ही मुभा नाही; त्याला 'टू' लागतेच. भारतीय विद्यार्थ्याच्या इंग्रजीत 'क्लोज'नंतरचा 'टू' गळतो तो 'निअर'च्या नमुन्यामुळे. संस्कृतात दूर आणि अन्तिक या अर्थांच्या शब्दांबरोबर पंचमी किंवा विकल्पाने षष्ठी येते. पंचमी म्हणजे 'पासून'. जवळपणाही दूरपणासारखा एखाद्या बिंदूपासून मोजायचा, अशी ती दृष्टी आहे. इंग्रजीच्या 'टू'मध्ये उलट त्या बिंदूकडे जाण्याची दिशा आहे. मराठीत तर 'पाशी' आणि 'पासून' हे दोन्ही शब्द 'पार्श्व'मधूनच आले. एक जवळ नेतो, दुसरा तेथून निघतो.

'निअर'चा अर्थ ठरवताना फूट आणि मैल कामाला येत नाहीत. टेबलावरची दौत कागदाच्या 'निअर' असते ती वितीच्या अंतराने. आळंदी पुण्याच्या 'निअर' असते ती काही कोसांच्या अंतराने. रॉबर्ट इन्स यांनी १९१५ साली शोधलेल्या ताऱ्याला लॅटिनमधील 'सर्वांत जवळची' या अर्थाचे 'प्रॉक्झिमा' हे नाव मिळाले. तो सूर्यापासून सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. ज्यांच्याविषयी बोलायचे त्या वस्तूंचा आकार आणि त्यांच्यामध्ये सहसा असणारे अंतर, यांवर 'निअर'चे माप ठरते. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलेली दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सायकल घराजवळ आहे, असे म्हणता येते. घर सायकलीजवळ आहे, असे सहसा कोणी म्हणत नाही. भूमितीच्या दृष्टीने अंतर दोन्हीकडून सारखेच, पण भाषेच्या दृष्टीने नाही. स्थिर, मोठी, ओळखीची वस्तू आधार होते आणि लहान, हलणारी वस्तू तिच्या आधाराने सांगितली जाते. मराठीचा कानही हाच निवाडा देतो. भारतातील पत्त्यांमध्ये 'अमुक देवळाजवळ', 'तमुक चित्रपटगृहासमोर' असे लिहिण्याची जी रीत आहे, तिचे व्याकरणही हेच. देऊळ घराचा पत्ता सांगते, घर देवळाचा सांगत नाही.

'क्लोज'ची जात निराळी आहे. तो लॅटिन 'क्लाउसुस' म्हणजे 'बंद केलेला' या शब्दापासून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मठाचे 'क्लॉइस्टर' आणि लहान खोलीचे 'क्लॉझेट' हे त्याचेच सगोत्र. दार बंद झाले की मधली फट मिटते. फट मिटणे म्हणजे जवळ येणे. क्रियापद आणि विशेषण यांच्या उच्चारांत फरक आहे. 'बंद करणे' या अर्थी शेवटचा वर्ण 'झ' असा घोष, 'जवळचा' या अर्थी 'स' असा अघोष. मराठी लेखनात दोन्हींना 'क्लोज' लिहिण्याची रूढी असल्यामुळे हा भेद पुसला गेला आहे. मूळ अर्थ मात्र शब्दाने सोडलेला नाही. दाट विणीच्या कापडाला, बारकाईने केलेल्या परीक्षणाला आणि कोंदट हवेलाही इंग्रजीत 'क्लोज' म्हणतात. या सर्वांत मधली जागा न उरल्याची भावना समान आहे. इंग्लंडमध्ये कॅथीड्रलभोवतालच्या बंदिस्त आवारालाही हेच नाव आहे.

यावरून 'निअर' आणि 'क्लोज' यांच्या वाटण्या उलगडतात. जिवलग मित्र 'क्लोज' असतो, 'निअर' नसतो, कारण मैत्रीत अंतर मोजायचे नसते. आडपडदा नसणे हे महत्त्वाचे. नजीकचा भविष्यकाळ 'निअर' असतो, 'क्लोज' नसतो. काळाच्या वाटेवर तो पहिल्या टप्प्याचा असतो, अंगाला भिडलेला नसतो. नातेवाइकांच्या बाबतीत दोन्ही शब्द चालतात, पण त्यांतही छटा आहे. 'निअर' पिढ्यांची मोजणी करतो, 'क्लोज' जिव्हाळा सांगतो. मराठीचा 'जवळचा नातेवाईक' ही दोन्ही कामे करतो, आणि कोणते काम चालले आहे ते संदर्भावर सोडतो. अनुवादकाला मात्र निवड करावी लागते.

एडवर्ड हॉल यांनी 'द हिडन डायमेन्शन' (१९६६) या ग्रंथात माणसांमधील अंतरांचे चार पट्टे मांडले : अठरा इंचांपर्यंतचा जिव्हाळ्याचा, तेथून चार फुटांपर्यंतचा वैयक्तिक, बारा फुटांपर्यंतचा सामाजिक आणि त्यापलीकडचा सार्वजनिक. प्रत्येक पट्ट्याचे त्यांनी 'क्लोज' आणि 'फार' असे दोन भाग केले. त्यामुळे सार्वजनिक पट्ट्यातील 'क्लोज' भाग बारा ते पंचवीस फुटांचा ठरतो. पंचवीस फुटांवरच्या वक्त्याला कोणी जवळचा म्हणणार नाही. पण सभेच्या मोजमापात तो जवळच आहे. हॉल यांची मापे मुख्यतः अमेरिकेतील मध्यमवर्गीय माणसांच्या निरीक्षणावर आधारलेली होती आणि ती सर्व मानवजातीला लागू नाहीत, हे त्यांनी स्वतःच बजावले होते. त्यांच्या आकड्यांचा दाखला देणारे पुष्कळ लेखक हा इशारा विसरतात.

दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या उदाहरणाने 'अ‍ॅट', 'बाय' आणि 'निअर' यांतील भेद चांगला दिसतो. दाराच्या 'अ‍ॅट' असलेला माणूस आत येऊ पाहणारा, कडी वाजवणारा किंवा कोणाला अडवणारा असतो. दाराचा आणि त्याचा काही संबंध आहे. 'बाय' म्हटले, तर तो दाराच्या कडेला उभा आहे एवढेच. 'निअर' म्हटले, तर दार ही केवळ त्याची जागा सांगण्याची खूण. टेबलाच्या 'अ‍ॅट' बसलेला माणूस जेवतो किंवा लिहितो. 'बाय' बसलेला कदाचित खिडकीबाहेर पाहत असतो. मराठीत हे तिन्ही 'जवळ'मध्ये ओतण्याचे कारण नाही. 'दाराशी', 'दारापाशी' आणि 'दाराजवळ' यांत मराठी कानाला क्रमाने सैल होत जाणारा संबंध ऐकू येतो. 'कोणी दाराशी आले आहे' या वाक्यात येणाऱ्याचे काही काम असते. 'दाराजवळ कोणी उभे आहे' यात ते असेलच असे नाही. 'चुलीशी बसणे' म्हणजे रांधणे. 'चुलीजवळ बसणे' म्हणजे शेकणेही असू शकते. इंग्रजीच्या 'अ‍ॅट'ला मराठीत शब्द नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. 'शी' हा प्रत्यय तिला पुरेसे उत्तर आहे, फक्त तो हाताशी ठेवावा लागतो.

'बाय'चे स्थळवाचक राज्य इंग्रजीत बरेच आक्रसले आहे. कर्ता, साधन, मुदत, प्रमाण अशा अनेक अर्थांनी त्याला व्यापून टाकले. सान्निध्याच्या अर्थी तो आता नदी, समुद्र, खिडकी, रस्ता, शेकोटी अशा लांबट किंवा लक्ष वेधणाऱ्या गोष्टींच्या संगतीत अधिक शोभतो. गाव मुंबईच्या 'निअर' असते, 'बाय' नसते. 'बिसाइड'मध्ये तर शरीराची कूसच आहे : 'बाय' आणि 'साइड' मिळून झालेला हा शब्द मुळात 'बाजूला' एवढेच सांगतो. म्हणून तो माणूस, खुर्ची, खाट अशा बाजू असलेल्या वस्तूंना लागतो. शहराला लागत नाही. 'पार्श्व' म्हणजे बरगडीची बाजू. 'पाशी'चा आणि 'बिसाइड'चा जन्म अशा रीतीने एकाच अवयवातून झाला. फरक एवढाच, की 'पाशी'ची कूस झिजून गेली आहे आणि 'बिसाइड'ची अजून जाणवते. शेवटी 'एस' लागून होणारा 'बिसाइड्स' हा 'शिवाय' या अर्थाचा वेगळा शब्द आहे. दोहोंची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतच होते असे नाही.

'नेक्स्ट टू'मध्ये अंतर जवळजवळ नाहीसे होते आणि क्रम उरतो. बँकेच्या 'नेक्स्ट टू' टपालघर आहे, याचा अर्थ दोहोंमध्ये तिसरी इमारत नाही. मध्ये झाड असले किंवा बोळ असला, तरी चालतो. एकाच जातीची वस्तू तेवढी मध्ये नसावी. मराठीचा 'शेजारी' येथे चपखल बसतो. पुढचे स्थानक 'नेक्स्ट' असते, मागचे स्थानक गाडीला कितीही जवळ असो. सर्वांत जवळचा हा अर्थ प्रवासाच्या दिशेने वळून 'पुढचा' झाला. येणाऱ्या शुक्रवारला 'नेक्स्ट' म्हणायचे की त्यानंतरच्या, याविषयी इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. एक बाजू जवळपणा मोजते, दुसरी क्रम.

'नेबर' या शब्दाची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. 'नेआह्' आणि राहणारा या अर्थाचा 'गेबूर' यांचा हा समास. जवळ राहणारा, एवढाच त्याचा अर्थ. नव्या करारातील ग्रीक मुळात 'जवळचा' या अर्थाचा शब्द आहे, लॅटिन भाषांतरात 'प्रॉक्झिमुस' म्हणजे सर्वांत जवळचा, आणि मराठी बायबलात 'शेजारी'. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला सगळा ताण या शब्दावर तोललेला आहे. माझा शेजारी कोण, या प्रश्नाला जे उत्तर मिळते त्यात राहत्या जागेचा हिशेब पार मोडून पडतो. ग्रीक आणि लॅटिन शब्दांत घराचा उल्लेख नाही. इंग्रजी आणि मराठी शब्दांत वस्तीची कल्पना आहे. म्हणून या दोन भाषांतल्या वाचकाला तो धक्का थोडा अधिक बसतो.

लॅटिनमधून आलेल्या विद्वत्तेच्या शब्दांना साहित्यात फारसे स्थान नाही, पण कायद्यात त्यांच्यावर वाद उभे राहतात. 'अ‍ॅडजेसंट' म्हणजे जवळ पसरलेले. स्पर्श हवाच असे नाही. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे लागून असलेले. 'कंटिग्युअस'मध्ये स्पर्शाचाच धातू आहे. भारताच्या १९७६ च्या सागरी क्षेत्रांविषयीच्या कायद्याने आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांचा पट्टा प्रादेशिक समुद्र मानला आणि त्यापुढे २४ मैलांपर्यंतच्या पट्ट्याला 'कंटिग्युअस' म्हटले, कारण तो प्रादेशिक समुद्राला भिडतो. मराठी खरेदीखतातल्या चतुःसीमेत हे काम 'लगत' आणि 'लागून' हे शब्द कोणताही गाजावाजा न करता करीत आले आहेत. दोन्ही 'लग्' धातूचे; त्यांत चिकटणे आहे. मराठीत स्पर्शाचे सान्निध्य बहुधा धातुसाधितांनीच सांगितले जाते. खेटून, बिलगून, टेकून, चिकटून यांतला प्रत्येक शब्द शरीराची वेगळी हालचाल दाखवतो. शिडी भिंतीला टेकते, मूल आईला बिलगते, गर्दीत माणसे खेटतात. इंग्रजी 'अगेन्स्ट'मध्ये टेकणे आणि रेटणे यांची सरमिसळ असते, आणि 'बिलगून'मधली माया तर तो मुळीच घेत नाही.

मराठीच्या 'जवळ'चे जे काम इंग्रजीच्या एकाही सान्निध्यवाचक शब्दाला जमत नाही, ते म्हणजे स्वामित्व सांगणे. 'माझ्याजवळ पैसे आहेत' याचे भाषांतर 'हॅव' या क्रियापदाने होते. हा केवळ मराठीचा विशेष नाही. हिंदीत 'मेरे पास', गुजरातीत 'मारी पासे', बंगालीत 'आमार काछे टाका आछे'. भाषाकुल ओलांडून पाहिले, तर तेलुगूत 'ना दग्गर डब्बु उंदि', कन्नडमध्ये 'नन्न हत्तिर दुड्डु इदे', बोलीतील तमिळमध्ये 'एन्किट्ट पणम् इरुक्कु'. सर्वत्र जवळ असणे म्हणजे असणे. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असे प्रतिपादन केले. त्या कल्पनेच्या चौकटीत या साम्याचा विचार करता येतो. मात्र ते भारतापुरतेच आहे, असे समजू नये, कारण रशियन भाषाही 'माझ्यापाशी आहे' अशाच रचनेने स्वामित्व सांगते.

या रचनेला सीमाही आहेत. मराठीत 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे म्हणत नाहीत. 'मला दोन भाऊ आहेत' असे म्हणतात. जे दुसऱ्याला देता येते, हातातून जाऊ शकते, ते 'जवळ' असते. जे नात्याने जडलेले ते 'ला' प्रत्ययाने येते. 'माझ्याजवळ दोन भाऊ असतात' म्हटले, तर अर्थ बदलून ते माझ्याकडे राहतात, असा होतो. धीर, विद्या, बुद्धी हीही 'जवळ' असू शकतात. मराठीने त्यांना धनाच्या रांगेत बसवले आहे. अलीकडच्या बोलण्यात 'जवळ'ची ही जागा 'कडे' बऱ्याच प्रमाणात घेतो. तरी 'आईपाशी रडणे', 'मित्राजवळ मन मोकळे करणे' येथे तो तितका सहज शिरत नाही. मन मोकळे करायला दिशा पुरत नाही, सान्निध्य लागते.

अनुवादकाची खरी कसोटी लागते ती आणखी एका लहान जोडीपाशी. 'त्याने रामाला पत्र दिले' आणि 'त्याने रामाजवळ पत्र दिले' ही वाक्ये इंग्रजीत सहज एकच होतात. पहिल्यात पत्र रामाचे आहे. दुसऱ्यात ते दुसऱ्या कोणाचे आहे आणि राम ते पोचवणार आहे. कथेत पुढे ते पत्र पोचले नाही, तर पहिल्या वाक्याच्या भाषांतरात रामाचा काहीच दोष उरत नाही.